यंत्राला भाषांतर शिकवणाऱ्या ग्रेस हॉपर

अतिदक्षता विभागात रुग्णाच्या खाटेशेजारी मॉनिटर लावलेला असतो. नाडी, रक्तदाब, रक्तातील ऑक्सिजन असे सगळे तो क्षणाक्षणाला दाखवतो. त्याच्या आत एक छोटा संगणकच असतो, आणि अशा अनेक उपकरणांत तो लिनक्स प्रणालीवर चालतो. त्याचा प्रोग्रॅम मात्र सहसा त्याच्यावर तयार होत नाही. तेवढी मेमरी आणि ताकद त्या चिपमध्ये नसते. अभियंता टेबलावरच्या मोठ्या संगणकावर प्रोग्रॅम लिहितो, तिथेच त्याचे छोट्या चिपला कळणाऱ्या आज्ञांत रूपांतर करतो आणि मग तो उपकरणात भरतो. या कामाच्या साधनसंचाला क्रॉस-कंपायलर टूलचेन म्हणतात. हे रूपांतर माणसाने न करता यंत्राने करावे, असा आग्रह सर्वात आधी धरणाऱ्यांत ग्रेस हॉपर यांचे नाव अग्रभागी आहे.

ग्रेस यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. सात वर्षांची असताना गजराचे घड्याळ कसे चालते हे पाहण्यासाठी तिने घरातली सात घड्याळे एकामागून एक उघडली होती. पुढे त्यांनी १९३४ मध्ये येल विद्यापीठातून गणितात पीएच.डी. मिळवली आणि व्हासार महाविद्यालयात अध्यापन केले. दुसऱ्या महायुद्धात त्यांना नौदलात जायचे होते. वय जास्त होते आणि वजन किमान मर्यादेपेक्षा सुमारे सात किलो कमी. खास सवलत मिळवून त्या भरती झाल्या आणि १९४४ मध्ये हार्वर्डला पोहोचल्या. तिथे मार्क-१ हे सुमारे पंधरा मीटर लांबीचे गणनयंत्र त्यांची वाट पाहत होते.

युद्धकाळातले श्रम प्रचंड होते. १९४५ मध्ये घटस्फोट झाला, १९४९ मध्ये हार्वर्डमधली मुदत संपली. या काळात त्या दारूच्या आहारी गेल्या. १९४९ च्या अखेरीस नशेत असताना त्यांना अटकही झाली. मित्रांनी वेळीच खडसावले. बुद्धी कितीही तल्लख असली तरी व्यसन हा आजारच आहे आणि त्याला मदत लागते, हे या प्रसंगातून दिसते. त्यांचे सर्वात मोठे काम यानंतरचे आहे.

फिलाडेल्फियात युनिव्हॅक संगणकावर काम करताना त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. वारंवार लागणारे आज्ञांचे तुकडे प्रोग्रॅमर वहीतून हाताने उतरवून घेत आणि प्रत्येक पत्ता बेरीज करून बदलत. उतरवताना आणि बेरजेत चुका होत. औषधाच्या चिठ्ठीची नक्कल करताना एक शून्य वाढावे, तसा हा प्रकार. मग हे काम यंत्रालाच का देऊ नये? १९५२ मध्ये त्यांचा ए-० तयार झाला. तुकड्याचा क्रमांक दिला की यंत्र तो टेपवरच्या संग्रहातून शोधून जोडून देई. संकलन करणारा म्हणून त्याचे नाव कंपायलर. आजच्या टूलचेनमधला लिंकर साधारण हेच काम करतो. संगणक फक्त आकडेमोड करतो, असे मानणाऱ्यांना त्यावर विश्वास ठेवायला वेळ लागला.

पुढे त्यांनी इंग्रजी शब्दांत आज्ञा लिहिता येणारी फ्लो-मॅटिक भाषा घडवली. १९५९ मध्ये समितीने आखलेल्या कोबोल भाषेवर तिची दाट छाया आहे. डिसेंबर १९६० मध्ये कोबोलमधला जवळजवळ एकच प्रोग्रॅम दोन वेगळ्या कंपन्यांच्या संगणकांवर चालवून दाखवण्यात आला. प्रोग्रॅम एका यंत्राला बांधलेला नसतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

क्रॉस-कंपायलर याच वाटेवर पुढे आला. तो बसवताना घाई चालत नाही. चिप कोणत्या जातीची, ३२ बिटची की ६४ बिटची, उपकरणावरच्या लायब्ररीची आवृत्ती कोणती, हे आधी पाहावे लागते. यातले काही जुळले नाही, तर टेबलावर विनातक्रार तयार झालेला प्रोग्रॅम उपकरणावर सुरूच होत नाही. म्हणून आधी एक लहानसा प्रोग्रॅम तयार करून प्रत्यक्ष उपकरणावर चालवून पाहतात. रक्त चढवण्याआधी क्रॉसमॅच करतात, त्यातलीच ही सावधगिरी.

हॉपर १९६६ मध्ये नौदलातून निवृत्त झाल्या, पण पुढच्याच वर्षी त्यांना परत बोलावले गेले. १९८६ मध्ये रिअर अ‍ॅडमिरल म्हणून त्या कायमच्या निवृत्त झाल्या, तेव्हा वय ७९ होते. व्याख्यानांत त्या सुमारे ३० सेंटिमीटर लांबीचे तारेचे तुकडे वाटत. सेकंदाच्या अब्जाव्या भागात वीज जास्तीत जास्त एवढेच अंतर जाऊ शकते, हे दाखवण्यासाठी. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. माणूस नक्कल करताना चुकतो, हे त्यांनी मनापासून मान्य केले आणि ते काम यंत्रावर सोपवले. खाटेशेजारच्या मॉनिटरवरचा आकडा भरवशाचा असावा, यामागे अनेकांचे कष्ट आहेत. त्यात हॉपर यांचाही वाटा आहे.