हृदयालेखामागचे हात

आमगावसारख्या तालुक्याच्या गावी छातीत धडधडू लागलेल्या रुग्णाचा हृदयालेख, म्हणजेच ईसीजी, काढला तर तो आज भ्रमणध्वनीवरून क्षणार्धात गोंदियाच्या वा नागपूरच्या तज्ज्ञापुढे ठेवता येतो. या सोयीचा पाया घालणारे विलेम आइंटहोव्हेन संशोधनाइतकेच आणखी एका कारणासाठी स्मरणीय आहेत.

त्यांचा जन्म १८६० साली जावा बेटावरील सेमारांग येथे झाला. वडील डॉक्टर होते. ते अकाली वारले आणि १८७० साली आई मुलांना घेऊन हॉलंडमध्ये उट्रेख्टला आली. तेथे वैद्यकाचे शिक्षण पूर्ण करून आइंटहोव्हेन १८८६ साली लायडन विद्यापीठात शरीरक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक झाले. हृदयाच्या प्रत्येक स्पंदनाबरोबर उद्भवणारा सूक्ष्म विद्युत्प्रवाह अचूक टिपावा कसा, या प्रश्नाचा त्यांनी ध्यास घेतला. चांदीचा मुलामा दिलेला, केसाहून बारीक स्फटिकतंतू प्रबळ चुंबकाच्या ध्रुवांमध्ये ताणून त्यांनी आपले यंत्र सिद्ध केले. त्याचे वजन सुमारे २७० किलो होते आणि ते चालविण्यास पाच माणसे लागत. ते रुग्णापर्यंत नेणे अशक्य. म्हणून त्यांनी दीड किलोमीटरवरील रुग्णालयातून तार ओढली. १९०६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात अनियमित नाडी, अकाली ठोके, हृदयातील अवरोध असे तालदोष रेषांच्या रूपाने वाचकांपुढे आले.

१९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. यंत्राच्या घडणीत वर्षानुवर्षे राबलेल्या जुन्या साहाय्यकाला त्यातील अर्धी रक्कम द्यावी, म्हणून त्यांनी त्याचा शोध घेतला. तो निवर्तला होता. हलाखीत दिवस कंठणाऱ्या त्याच्या दोन बहिणींना त्यांनी ती रक्कम दिली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १९२७ साली आइंटहोव्हेन स्वतःही कालवश झाले.

आता यंत्र हातात मावते. पण त्यामागे माणसे लागतातच. हृदयरुग्णांच्या कक्षात रात्रभर पडद्यावरील रेषेवर नजर ठेवणारी परिचारिका आणि आलेख काढणारा तंत्रज्ञ थकले, तर एखादा जीवघेणा तालदोष नजरेतून निसटू शकतो. पुरेसे मनुष्यबळ, पाळीनंतर विश्रांती आणि वेळेवर वेतन हे त्यांच्यावरील उपकार नव्हेत. तो रुग्णाच्या उपचाराचाच भाग आहे. आइंटहोव्हेन यांची कृतज्ञता थोर खरीच, परंतु ती त्या साहाय्यकाच्या हयातीत पोहोचली नाही. आपल्या रुग्णालयांतून तरी तिला एवढा उशीर होऊ नये.