यंत्राच्या वेळेला लगाम घालणारे लोखंडे

यंत्र आणि माणूस यांचा झगडा विज्ञानकथांवरील चित्रपटांत बहुधा भविष्यकाळातला म्हणून रंगविला जातो. फ्रिट्झ लांग या दिग्दर्शकाच्या १९२७ सालच्या ‘मेट्रोपोलिस’ या जर्मन मूकपटात घड्याळासारख्या प्रचंड तबकडीचे काटे फिरविता फिरविता कामगार दहा तासांत गलितगात्र होतो. पुढे संतापलेले कामगार यंत्रे फोडतात, तेव्हा पुराचे पाणी शिरते ते त्यांच्याच वस्तीत. चार्ली चॅप्लिनच्या १९३६ सालच्या ‘मॉडर्न टाइम्स’मध्ये तर कामगाराची जेवणाची सुटी वाचावी म्हणून त्याला घास भरविणारे यंत्रच आणले जाते. त्या चित्रपटाचा नायक तोंड उघडतो तो केवळ एका अर्थहीन शब्दांच्या गाण्यापुरता. जणू यंत्राच्या खडखडाटाला माणसाने दिलेले तेवढेच उत्तर. दोन्ही कलाकृतींचे मर्म एकच आहे. यंत्र माणसाचा घाम घेते त्याहूनही अधिक त्याचा वेळ घेते.

हे मर्म पडद्यावर येण्यापूर्वी चार दशके मुंबईच्या एका गिरणीतील स्टोअरकीपरने ओळखले होते. नारायण मेघाजी लोखंडे हे त्यांचे नाव. १८४८ साली ठाण्यात जन्मलेल्या लोखंडे यांना परिस्थितीमुळे मॅट्रिकपलीकडे शिक्षण घेता आले नाही. रेल्वे आणि टपाल खात्यात नोकरी केल्यावर ते मांडवी मिलमध्ये लागले. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते निष्ठावंत कार्यकर्ते होते. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ हे पत्र १८८० साली लोखंडे यांनी मुंबईत नेले आणि गिरणीच्या आतले जग प्रथमच मराठी वाचकांसमोर ठेवले.

ते जग कसे होते? कावसजी दावर यांची मुंबईतील पहिली कापड गिरणी १८५६ साली चालू झाली आणि पाव शतकात गिरण्यांचे भोंगे हेच तेथील सूर्योदय-सूर्यास्त ठरविणारे झाले. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून काम मोठे. शेतकऱ्याचा बैल दमला की नांगर थांबतो. वाफेचे इंजिन दमत नाही, म्हणून त्याच्यापाशी उभ्या असलेल्या माणसालाही दमण्याची मुभा उरली नाही. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने लहान मुलांना थोडेफार संरक्षण दिले. प्रौढ स्त्रीपुरुषांच्या तासांबद्दल तो मूकच होता.

१८८४ च्या सप्टेंबरात परळच्या सुपारीबागेत लोखंडे यांनी कामगारांच्या सभा भरविल्या. त्यांतून साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यातील मागण्या आज वाचताना त्यांच्या साधेपणाचेच आश्चर्य वाटते. आठवड्यातून रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार आणि कामावर जायबंदी झाल्यास आधार. यंत्र नको, असे त्यांत कोठेही म्हटलेले नाही. इंग्लंडमध्ये १८११ नंतर विणकऱ्यांनी यंत्रे फोडली, त्या वाटेने लोखंडे गेले नाहीत. यंत्र चालावे, पण कोठे थांबावे हे माणसाने ठरवावे, एवढाच त्यांचा आग्रह होता. त्याच वर्षी त्यांनी स्थापन केलेली बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन ही भारतातील पहिली कामगार संघटना मानली जाते.

लढा वाटतो तितका सरळ नव्हता. भारतीय गिरण्यांवर बंधने यावीत हे लँकेशायरच्या गिरणीमालकांनाही हवे होते आणि त्यामागे स्पर्धेची भीती होती. साहजिकच कामगार कायदा म्हणजे देशी उद्योगावर परकीयांचा घाला, अशी अनेक राष्ट्रीय विचारांच्या पुढाऱ्यांची भूमिका होती. ती सर्वस्वी निराधार होती असे अर्थशास्त्र म्हणणार नाही. परंतु देशी उद्योगाची किंमत केवळ कामगाराच्या पाठीवरूनच का वसूल व्हावी, या प्रश्नाला त्या भूमिकेत उत्तर नव्हते. लोखंडे यांनी तो प्रश्न सोडला नाही.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन स्त्री-कामगारांनीही तेथे भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. पाठोपाठ १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुटी व दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक केली आणि स्त्रियांचे काम अकरा तासांवर आणले. पुरुषांच्या तासांना कायद्याची मर्यादा पडायला मात्र १९११ साल उजाडले. ते पाहण्यास लोखंडे नव्हते. मुंबईत प्लेगची साथ आली तेव्हा रुग्णांच्या सेवेत असतानाच ते त्या रोगाला बळी पडले; ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

रविवार मिळाला म्हणजे केवळ झोप मिळाली असे नव्हे. भजनाला वेळ लागतो, पोवाड्याला श्रोते लागतात, तमाशाला रिकामी संध्याकाळ लागते. गिरणगावात पुढे जी गाणारी, नाटके करणारी, सभा गाजविणारी संस्कृती फुलली, ती अशाच सोडवून घेतलेल्या वेळात. मागाच्या आवाजावर माणसाचा आवाज चढायचा, तर आधी माग थांबावा लागतो.

आज साकोली तालुक्यातील एकोडीसारख्या गावातील शाळेलाही रविवारी कुलूप असते, ते कोणी लावले याचा विचार क्वचितच होतो. मात्र त्याच भंडारा जिल्ह्यात हजारी दराने घरी बिड्या वळणाऱ्या बाईला हा रविवार अजून लाभलेला नाही. कारण सुटी घेतली की मजुरी बुडते. दुसरीकडे ज्यांना तो लाभला, त्या कारकून-शिक्षकांच्या रविवारात खिशातल्या फोनवरून कचेरीचे काम पुन्हा शिरू लागले आहे. या यंत्राला भोंगा नाही, म्हणून ते कधी थांबते हेही कळत नाही. ते फोडण्यात शहाणपण नाही. पण त्याने कोठे थांबावे हे ठरविण्याचा हक्क साडेपाच हजार सह्यांनी एकदा मिळविलेला आहे. तो न वापरता गंजू देणे ही लोखंडे यांच्या वारशाची उधळपट्टी ठरेल.