व्याकरणाचा मास्तर राष्ट्राध्यक्ष होतो तेव्हा

सेनेगलच्या किनाऱ्यावरील जोआल गावी १९०६ साली लिओपोल्ड सेंघोर यांचा जन्म झाला. वडील भुईमुगाचे बडे व्यापारी, कॅथलिक. पण पोराचा पहिला गुरू म्हणजे गुरे राखणारा मामा, टोको वाली. आकाशातले तारे आणि पूर्वजांच्या गोष्टी त्याला मामानेच दाखवल्या. सातव्या वर्षी तो मिशनच्या शाळेत गेला आणि फ्रेंच भाषा त्याच्या मानगुटीवर बसली ती कायमचीच!

१९२८ मध्ये तो पॅरिसला पोचला. १९३५ साली फ्रेंच व्याकरणाची अतिशय अवघड अध्यापक-परीक्षा उत्तीर्ण होणारा तो पहिला आफ्रिकी ठरला आणि तूर शहरात गोऱ्यांच्याच मुलांना शिकवू लागला. मात्र फ्रेंचांसारखे होऊन जा, ही शिकवण त्याने नाकारली. मार्तिनिकचा मित्र एमे सेझेर याने त्या नकाराला शब्द दिला, 'नेग्रित्यूद'. काळेपणाची लाज नव्हे, अभिमान. पण हा अभिमान व्यक्त व्हायचा तो फ्रेंचमधूनच. या पेचातून सेंघोर आयुष्यभर सुटले नाहीत. सुटायची त्यांना फारशी इच्छाही नसावी, असे मला वाटते.

महायुद्धात ते फ्रान्ससाठी लढले, १९४० साली जर्मनांच्या कैदेत पडले. १ डिसेंबर १९४४ रोजी डाकारजवळ थियारोये येथे कैदेतून परतलेल्या आफ्रिकी सैनिकांनी थकलेला पगार मागितला, तेव्हा फ्रेंच सैन्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. सेंघोरांनी त्यांच्यावर कविता लिहिली.

१९६० साली देश स्वतंत्र झाला आणि मुस्लिमबहुल सेनेगलचे हे कॅथलिक कवी राष्ट्राध्यक्ष झाले. राष्ट्रगीतही त्यांचेच, तेही फ्रेंच. चलन मात्र फ्रान्सच्या फ्रँकला बांधलेलेच राहिले. बँकेत हयात घालवलेल्या माणसाला ही गाठ चटकन दिसते.

डिसेंबर १९६२ मध्ये जुने सहकारी, पंतप्रधान मामादू दिया यांना त्यांनी उठावाच्या आरोपाखाली अटक करवली. जन्मठेप झाली, सुटका १९७४ साली. कवीचे हृदय तेव्हा कुठे होते, हा प्रश्न सेनेगलमध्ये पुढेही विचारला जात राहिला.

आणखी एक प्रकार तर विलक्षणच. उस्मान सेम्बेन यांचा १९७७ सालचा 'सेद्दो' चित्रपट सेनेगलमध्ये दाखवू दिला नाही. सरकारी कारण काय, तर नावात 'डी' हे अक्षर एकदाच हवे, दोनदा नको! वोलोफ भाषेच्या शुद्धलेखनाचा हुकूमही व्याकरणाच्या मास्तरांनीच काढलेला.

तरीही १९८० च्या अखेरीस ते आपण होऊन पायउतार झाले. त्या काळच्या आफ्रिकेत हे दुर्मीळच. १९८३ मध्ये फ्रेंच अकादमीने त्यांना सदस्य म्हणून निवडले. हा मान मिळालेले ते पहिलेच आफ्रिकी. २० डिसेंबर २००१ रोजी नॉर्मंडीतल्या घरी ते गेले. डाकारला झालेल्या अंत्यविधीला ना फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष आले, ना पंतप्रधान.