दुभाषा झालेला धर्मबंधू: संत गोन्सालो गार्सिया



देवाचे काम फादर-सिस्टरांनी करायचे, आपण फक्त रविवारी मिस्साला यायचे, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. आपल्याच महाराष्ट्रातील वसईच्या एका सुपुत्राचे जीवन पाहिले की हा गैरसमज दूर होतो.

संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५६ च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. येशूसंघीय धर्मगुरूंकडे शिकून ते लहान वयातच त्यांच्यासोबत जपानला गेले. तेथील भाषा त्यांनी उत्तम आत्मसात केली व सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षकाची सेवा केली. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची मोठी इच्छा होती. पण ती पूर्ण झाली नाही. निराश होऊन ते व्यापाराकडे वळले. धंद्यात जम बसला, तरी देवाची हाक त्यांना स्वस्थ बसू देईना. अखेर मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात गेले, तेही धर्मगुरू म्हणून नव्हे, तर साधे धर्मबंधू म्हणून.

१५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता जपानला निघाले. तेथील सत्ताधीश हिदेयोशी यांच्याशी बोलण्यासाठी दुभाषा हवा होता. ते काम गोन्सालो यांच्याकडे आले. वाया गेली असे वाटणारी ती आठ वर्षे देवाने अशी उपयोगात आणली! क्योतो येथे या संघाने कुष्ठरोग्यांचीही सेवा केली.

पुढे छळ सुरू झाला. १५९६ च्या अखेरीस त्यांना अटक झाली. डाव्या कानाचा तुकडा कापून, कडाक्याच्या थंडीत त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी २६ जणांना क्रुसावर ठार मारले. त्यांत ६ फ्रान्सिस्कन, ३ येशूसंघीय आणि तब्बल १७ प्रापंचिक होते. सर्वांत लहान मुलगा अवघा बारा वर्षांचा होता! ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी या सर्वांना संतपद दिले. गोन्सालो हे भारतात जन्मलेले पहिले संत ठरले.

बंधुभगिनींनो, गोन्सालो यांच्याजवळ ना वेदी होती, ना प्रवचनपीठ. होती ती शिकलेली भाषा आणि खरी निष्ठा. आपल्या मारेगावातही मुलांना प्रार्थना शिकविणारी आई, आजारी शेजाऱ्याला दवाखान्यात नेणारा तरुण, तहसील कचेरीत एखाद्या कोलाम बांधवाचे म्हणणे समजावून सांगणारा माणूस देवाचेच काम करीत असतो. आपल्याला जे येते, ते या आठवड्यात कोणाच्या उपयोगी पडेल, याचा आपण विचार करू या.

संत गोन्सालो गार्सिया, आमच्यासाठी विनंती कर.