विश्लेषण : शाळेतल्या स्तंभालेखाचे मूळ थर्मामीटरच्या नोंदवहीत? कोण होते विल्यम प्लेफेअर?

वर्गातल्या किती मुलांना आंबा आवडतो आणि किती जणांना केळे, हे मोजायचे आणि त्याचे चित्र काढायचे. प्राथमिक शाळेच्या गणितातला हा नेहमीचा पाठ. आधी चित्रालेख, मग स्तंभालेख, पुढच्या इयत्तांत वृत्तालेख. यातल्या स्तंभालेखाचे आणि वृत्तालेखाचे श्रेय ज्यांना दिले जाते, ते विल्यम प्लेफेअर स्वतः हा धडा लहानपणी घरीच शिकले होते.

थर्मामीटरचा गृहपाठ काय होता?

प्लेफेअर यांचा जन्म १७५९ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी शहराजवळच्या लिफ गावी झाला. वडील धर्मोपदेशक होते. १७७२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि विल्यमच्या शिक्षणाची जबाबदारी ११ वर्षांनी मोठा भाऊ जॉन याच्यावर आली. हेच जॉन पुढे एडिनबरा विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले. शाळेच्या भूमितीतले समांतर रेषांचे ‘प्लेफेअरचे गृहीतक’ त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

जॉन यांनी धाकट्या भावाला थर्मामीटरच्या नोंदी ठेवायला लावल्या. तापमानातले चढउतार आकड्यांत लिहून थांबायचे नाही, तर मोजपट्टीवर रेषांनी दाखवायचे. जे आकड्यात सांगता येते ते रेषेतही दाखवता येते, ही गोष्ट विल्यमच्या मनात तेव्हाच पक्की झाली. याचे श्रेय त्यांनी पुढे भावालाच दिले.

पहिला स्तंभालेख कसा तयार झाला?

मळणीयंत्र बनवणारे अँड्र्यू मिकल यांच्याकडे उमेदवारी करून प्लेफेअर १७७७ मध्ये बर्मिंगहॅमला जेम्स वॅट यांच्याकडे आरेखक म्हणून लागले. १७८६ मध्ये त्यांचा ‘कमर्शियल अँड पॉलिटिकल अ‍ॅटलस’ प्रसिद्ध झाला. त्यात ४४ आलेख होते. त्यातले ४३ आलेख काळानुसार होणारा बदल रेषेने दाखवणारे होते.

स्कॉटलंडपाशी मात्र अडचण आली. हाती १७८०-८१ या एकाच वर्षाचे आकडे होते. एका वर्षाची चढती-उतरती रेषा काढणार कशी? मग प्लेफेअर यांनी १७ देश-प्रदेशांशी असलेल्या आयात-निर्यातीच्या पट्ट्या शेजारी शेजारी काढल्या. अपुऱ्या माहितीतून स्तंभालेख जन्मला तो असा.

१८०१ च्या ‘स्टॅटिस्टिकल ब्रेव्हियरी’त वर्तुळाचे भाग पाडून तुर्की साम्राज्याचा आशिया, युरोप व आफ्रिकेतला विस्तार दाखवला होता. हाच पहिला वृत्तालेख मानला जातो. त्याच पुस्तकात हिंदुस्थानातल्या सत्तांचीही अशी मांडणी होती. तेव्हा पुण्यात पेशवाई होती.

मग ते विस्मृतीत का गेले?

प्लेफेअर यांचे व्यवहार कधीच धड चालले नाहीत. चांदीकामाचा कारखाना, पॅरिसमधली अमेरिकी जमिनींची वादग्रस्त विक्री, लंडनमधली बँक, सगळे बुडाले. कर्जापायी तुरुंगवास घडला. आकड्यांचा तक्ता म्हणजे पुरावा आणि चित्र म्हणजे सजावट, असा तेव्हाच्या अनेक जाणकारांचा समज होता. खुद्द वॅट यांनीही आलेखांसोबत तक्ते द्यावेत, असे सुचवले होते. १८२३ मध्ये लंडनमध्ये प्लेफेअर यांचे निधन झाले, तेव्हा ते गरिबीत होते. ब्रिटनमध्ये त्यांच्या आलेखांची खरी कदर व्हायला पुढे अनेक दशके लागली.

आजच्या वर्गासाठी यात काय आहे?

जॉन यांच्या गृहपाठातला क्रम महत्त्वाचा आहे. मुलाने आधी स्वतः मोजले, मग लिहिले आणि शेवटी काढले. पुस्तकातले तयार आकडे घेऊन स्तंभ रंगवले, तर पहिल्या दोन पायऱ्या गळतात. रोज त्याच वेळी, त्याच जागी थर्मामीटर पाहायचा, चुकलेल्या दिवसाची जागा अंदाजाने न भरता रिकामी सोडायची आणि सगळ्या स्तंभांना एकच प्रमाण वापरायचे. एवढे पाळले तरी आलेख खरे कधी बोलतो आणि फसवतो कधी, हे मुलाला कळू लागते. मोबाइलवर रोज आलेख दिसणाऱ्या काळात ही समज परीक्षेतल्या गुणांपेक्षा जास्त उपयोगाची आहे.