हेन्री मूर : सैनिक, शिक्षक, शिल्पकार

शाळेच्या वेळापत्रकात चित्रकलेचा तास बहुधा दिवसाच्या अखेरीस येतो. गणिताचा पाठ मागे पडला, की प्रथम त्याच तासाचा बळी दिला जातो, हे आम्ही शिक्षकांनी प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. आज ज्या पुरुषाचे चरित्र आम्ही विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत, त्याच्या आयुष्याला वळण लागले ते मात्र याच तासामुळे. तो पुरुष म्हणजे विसाव्या शतकातील विख्यात इंग्रज शिल्पकार हेन्री मूर.

यॉर्कशायरमधील कॅसलफर्ड या कोळशाच्या खाणींच्या गावी ३० जुलै १८९८ रोजी हेन्रीचा जन्म झाला. वडील खाणीत काम करीत. आठ भावंडांत हेन्री सातवा. आईची पाठ संधिवाताने दुखे, तेव्हा तिला औषधी तेल चोळण्याचे काम त्याच्याकडे येई. त्या कोवळ्या बोटांना पाठीच्या हाडांचे चढउतार तेव्हाच ओळखीचे झाले. अकरा वर्षांचा असताना चर्चच्या रविवारच्या वर्गात मायकेलअँजेलोची गोष्ट त्याच्या कानी पडली आणि आपणही शिल्पकारच व्हायचे, असे त्याने मनाशी ठरविले.

वडिलांना हा विचार रुचला नाही. आपली मुले खाणीच्या अंधारातून बाहेर पडावी, म्हणून पोटाला चिमटा घेऊन त्यांना शिकविणारा तो पिता होता. मुलाने आधी शिक्षक व्हावे, मग हवे ते करावे, असा त्यांचा आग्रह. त्या आग्रहात कठोरपणापेक्षा काळजीच अधिक होती, असे आम्हांस वाटते. परंतु शाळेत ॲलिस गॉस्टिक नावाच्या चित्रकलेच्या शिक्षिका होत्या. या मुलाच्या हातात काय आहे, हे त्यांनी ओळखले आणि त्याला कधी अंतर दिले नाही. युद्धावर गेलेल्या विद्यार्थ्यांच्या नावांचा लाकडी सन्मानफलक कोरण्याचे काम १९१६ साली शाळेने हेन्रीवरच सोपविले.

पुढच्याच वर्षी, वयाच्या अठराव्या वर्षी, तो स्वतः सैन्यात दाखल झाला. फ्रान्समध्ये कांब्रेच्या लढाईत, १९१७ च्या नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीस, त्याच्या पलटणीवर विषारी वायूचा मारा झाला. सुमारे चारशे शिपायांपैकी हजेरीला केवळ ५२ उरले, असे मूर पुढे सांगत असत. वायूची बाधा झालेल्या हेन्रीला उपचारासाठी मायदेशी पाठविण्यात आले. बरा झाल्यावर त्याच्याकडे शिकविण्याचेच काम आले, पण ते संगीन चालविण्याचे!

युद्ध संपले. मूर काही महिने गावच्या शाळेत शिकवू लागले. परंतु त्यांचे मन तेथे रमेना. माजी सैनिकांसाठी असलेल्या शिष्यवृत्तीवर १९१९ साली त्यांना लीड्सच्या कलाशाळेत प्रवेश मिळाला आणि १९२१ साली ते लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. लंडनमध्ये त्यांचा खरा वर्ग भरे तो ब्रिटिश म्युझियममध्ये. मेक्सिको, आफ्रिका आणि इजिप्त येथील प्राचीन मूर्तींपुढे ते तासन् तास उभे राहत. दगड जर दगड आहे, तर त्याला मांसाचे सोंग का द्यावे, असा प्रश्न त्यांना पडू लागला. नमुन्याची हुबेहूब नक्कल सोडून दगडावर थेट छिन्नी चालवावी, हा मार्ग त्यांनी पत्करला.

आपल्याच कॉलेजात ते पुढे सुमारे सात वर्षे अध्यापक होते. मात्र त्यांची शिल्पे प्रदर्शनांत येऊ लागताच वृत्तपत्रांतून टीकेचे मोहोळ उठले. असा मनुष्य तरुणांना शिकविण्यास योग्य नाही, इथपर्यंत मजल गेली. १९३१ साली मूर यांनी ती जागा सोडली; आपली दृष्टी मात्र सोडली नाही. पुढील वर्षीपासून चेल्सी येथील कलाशाळेत नव्या शिल्पविभागाची धुरा त्यांनी वाहिली, ती १९३९ पर्यंत.

१९४० च्या सप्टेंबरमध्ये लंडनवर बाँब कोसळू लागले. एका रात्री भुयारी रेल्वेने घरी परतताना मूर पतिपत्नींनी पाहिले, की फलाटांवर आबालवृद्धांच्या रांगा पांघरुणे घेऊन निजल्या आहेत. मूर त्यानंतर पुन्हा पुन्हा तेथे जात राहिले. पण त्या लोकांसमोर वही उघडून चित्रे काढणे त्यांना प्रशस्त वाटले नाही. उघड्यावर झोपण्याची वेळ आलेल्या माणसाच्या निद्रेकडे टक लावून पाहणे म्हणजे त्याच्या घरात आगंतुकपणे शिरणेच होय. ते डोळ्यांत साठवीत, आडोशाला एखाद्या शब्दाची टिपणी करीत आणि चित्र घरी येऊन काढीत. मेणाच्या खडूने रेषा काढून वर पाण्याचा रंग फिरविला, की मेणावर रंग धरत नाही. काळोखातून निद्रिस्त देह उजळून येतात. ही साधी युक्ती आमचे विद्यार्थीही वर्गात करून पाहू शकतील. पुढे वडिलांनी जेथे काम केले, त्याच खाणीत उतरून त्यांनी कोळसा फोडणाऱ्या कामगारांची चित्रे काढली.

ज्याच्या फुफ्फुसांत विषारी वायू गेला, त्याची कला सूडाने भरली असती तर नवल नव्हते. पण मूर यांच्या हातून घडली ती मुख्यत्वे आश्रयाची शिल्पे : मुलाला मांडीवर घेतलेली माता, डोंगरासारखी पहुडलेली स्त्री, एकमेकांना बिलगलेले कुटुंब. युद्धाचा त्यांना विसर पडला होता असे मात्र नव्हे. समुद्रकिनारी सापडलेल्या एका गोट्यात त्यांना तुटलेल्या पायाचा भास झाला आणि त्यातून १९५३-५४ साली ढाल धरलेला, हातपाय गमावलेला योद्धा साकारला. शिकागोमध्ये ज्या स्थळी २ डिसेंबर १९४२ रोजी अणूची नियंत्रित शृंखलाप्रक्रिया प्रथम साधली, तेथे बरोबर पंचवीस वर्षांनी त्यांचे एक ब्राँझशिल्प उभे राहिले. त्यात कोणास अणुस्फोटाचा ढग दिसतो, तर कोणास मानवी कवटी.

१९४८ साली व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात त्यांना शिल्पकलेचे पारितोषिक मिळाले. 'सर' हा किताब त्यांनी नाकारला. १९७७ साली त्यांनी कलेच्या प्रसारासाठी एक विश्वस्त संस्था स्थापन केली. अँथनी कारो यांच्यासारखे तरुण त्यांच्या कार्यशाळेत मदतनीस म्हणून राबले आणि पुढे स्वतः नामवंत शिल्पकार व शिक्षक झाले. ३१ ऑगस्ट १९८६ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी, या दीर्घ आयुष्याची अखेर झाली.

कॅसलफर्डच्या त्या शाळेत चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकला असता, तर काय झाले असते? कोणी म्हणेल, प्रतिभा कशीही वर येतेच. आम्हांस तशी खात्री वाटत नाही. शेवटच्या बाकावर, वहीच्या मागच्या पानावर काही रेखाटीत बसलेल्या मुलाला आम्ही किती वेळा दटावले आहे, याची आठवण होऊन मन शरमते. पुढील वर्षीचे वेळापत्रक आखताना आम्ही ॲलिस गॉस्टिक यांचे स्मरण ठेवू, एवढे वचन आमच्या विद्यार्थ्यांना देतो.