बॅटरीचे जनक : अलेस्सांद्रो व्होल्टा



मोटारीच्या बॅटरीवर 12 व्होल्ट असे लिहिलेले तुम्ही पाहिलेच असेल. व्होल्ट हा शब्द एका शिक्षकाच्या नावावरून आला आहे.

अलेस्सांद्रो व्होल्टा यांचा जन्म 18 फेब्रुवारी 1745 रोजी इटलीतील कोमो येथे झाला. लहानपणी ते फार उशिरा बोलू लागले, त्यामुळे घरची मंडळी चिंतेत होती असे सांगतात. तेच बालक पुढे पाविया विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले.

1791 मध्ये गॅल्वानी या शास्त्रज्ञाने आपले प्रयोग प्रसिद्ध केले. दोन धातूंचा स्पर्श होताच मेलेल्या बेडकाचा पाय झटका देई. वीज प्राण्याच्या शरीरातच असते, असे त्यांचे मत होते. व्होल्टांनी आधी ते मान्य केले. पण स्वतः प्रयोग केल्यावर त्यांना वाटले, वीज दोन वेगळ्या धातूंमुळे निर्माण होते. अनेक वर्षे वाद चालला. व्होल्टांनी त्याचे उत्तर प्रयोगानेच दिले. जस्त व चांदीच्या चकत्या आणि त्यांच्यामध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे, अशी चळत त्यांनी रचली. तिच्यातून वीज सतत वाहू लागली. 20 मार्च 1800 रोजी त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने ही रचना कळविली. हीच पहिली बॅटरी. 5 मार्च 1827 रोजी त्यांचे निधन झाले. 1881 मध्ये पॅरिसच्या परिषदेत व्होल्ट हे नाव एककाला मिळाले.

चळतीत जोड्या वाढल्या की व्होल्ट वाढतात. मोटारीच्या 12 व्होल्टच्या बॅटरीतही सुमारे 2 व्होल्टचे 6 घट असेच एकापुढे एक जोडलेले असतात. गाडीत मोठी म्युझिक सिस्टीम बसविताना दुसरी बॅटरी मात्र धनाला धन, ऋणाला ऋण अशी जोडतात. व्होल्ट 12 च राहतात, साठा वाढतो. उलट एकापुढे एक जोडल्यास 24 व्होल्ट होऊन यंत्र जळते.

पालकांनी एक गोष्ट अवश्य पाहावी. प्रत्येक बॅटरीच्या धन टोकाजवळ फ्यूज हवाच, आणि तो तारेला झेपेल तेवढाच असावा. तार घासून गाडीच्या पत्र्याला टेकली, तर दोन्ही बॅटऱ्यांची वीज तिच्यातून धावते. फ्यूज नसेल तर गाडी पेट घेऊ शकते. फ्यूजच्या जागी साधी तार कधीही लावू नये.

मुलांनो, व्होल्टांप्रमाणे प्रयोग जरूर करा, पण नियम समजून घेऊन!